ऐकणाऱ्याचा शब्द

"दादा, जरा डावीकडे घे," दातांचा डॉक्टर वॉकीटॉकीत म्हणाला आणि समोरचा रेडिओ सेट बंदच ठेवून छत्रीखालच्या खुर्चीत रेलला.

टेकडीखाली शहर पसरलं होतं. त्यात डॉक्टरचं घर, आणि घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून त्याचे थोरले भाऊ भर उन्हात उभे. इतक्या लांबून माणूस दिसत नव्हता. फक्त डिशची पांढरी टिकली चमकत होती.

"हलली, हलली!" डॉक्टरचा मित्र, कंत्राटदार, दुर्बिणीतून बघत होता. "तुम्ही सांगाल तशी नाचते हो."

डॉक्टरचा सेट परदेशातून मागवलेला. दादांनी मात्र शेजाऱ्याने टाकून दिलेली टीव्हीची डिश उचलली, बंद पडलेल्या दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारातला सेन्सर काढला आणि मायक्रोवेव्ह लहरींवर शिट्टी पाठवणारं यंत्र उभं केलं. खर्च म्हणाल तर चार स्क्रू आणि एक बॅटरी. वर हौशी रेडिओवाल्यांच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "बाळ्या, एवढे पैसे न ओतताही जमतं रे!" प्रेमानेच म्हणाले होते. तेच डॉक्टरला झोंबलं.

म्हणून ही पैज. शिट्टी टेकडीवर पोचली तर गच्चीवरची खोली हत्यारांसकट दादांची. नाही पोचली तर सगळं भंगारात आणि दादांची खाट जिन्याखाली. पोचली की नाही ते डॉक्टरनेच सांगायचं. या छंदात ऐकणाऱ्याचा शब्द शेवटचा. साक्षीदार कुणी मागत नाही.

"आता?" दादांना धाप लागली होती. "केसभर सरकवलंय. आलं का काही?"

"नाही. खाली घे."

"अरे, खाली शेजारची भिंत आडवी येते."

"मग वर घे!"

कंत्राटदार पोट धरून हसला. थोड्या वेळाने दादाच म्हणाले, "बाळ्या, मी आपला पहिल्या जागी आणतो. माझ्या हिशेबाने तीच बरोबर होती. आता हलवत नाही, तू नीट ऐक."

"पुरे झालं, डॉक्टर," कंत्राटदार डोळे पुसत म्हणाला. "आता गंमत म्हणून सेट चालू तरी करा." आणि त्यानेच हात लांबवून बटण दाबलं.

शिट्टी आली. खरखर नाही, डळमळ नाही, समोर बसून कुणी वाजवावी तशी. कंत्राटदाराचं हसू विरलं.

"अहो, ही तर..."

डॉक्टरने आवाज बारीक केला आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"दादा, काहीच नाही. घरी हिने भंगारवाल्याला बोलावून ठेवलंय. ये खाली."



"तू म्हणतोस म्हणजे नसेलच रे," दादा म्हणाले. "कुठेतरी चुकलो असेन मी. उगाच तुला उन्हातान्हात टेकडी चढायला लावली. बंद करतो."

कंत्राटदार दुर्बीण पिशवीत घालत बसला. डॉक्टरकडे बघायचं त्याने टाळलं.

तेवढ्यात सेटमधली शिट्टी तुटक झाली. एक लांब, दोन आखूड, पुन्हा लांब. ही मोर्सची भाषा दादांनीच डॉक्टरला लहानपणी ताटावर चमचा वाजवून शिकवली होती.

"हे काय आता?" कंत्राटदाराने विचारलं.

"काही नाही. रीत आहे. सेट बंद करण्याआधी आभार मानायचे."

"कुणाचे?"

"ऐकणाऱ्याचे," डॉक्टर म्हणाला आणि शेवटचं अक्षर यायच्या आत त्याने बॅटरीची वायर ओढली.