ताणलेलं चित्र

“बाबा, आता पुरे करा. डोळे साथ देत नाहीत, तर हट्ट कशाला?” मुलगा दारातूनच म्हणाला.

बाबा घरांचे नकाशे काढायचे. सकाळीच ठेकेदाराचा निरोप आला होता: जिन्याच्या मापात सहाच्या जागी आठ पडलाय, डोळे तपासून घ्या, यापुढचं काम मी दुसरीकडे देतो. आयुष्यभर केलेलं काम एका आकड्यावरून हातातून चाललं होतं.

त्यांचा नकाशांचा प्रोग्राम जुना. नव्या संगणकावर तो चालेना, म्हणून मुलाने व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं होतं. म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा जुना संगणक. तो उघडायचा भल्यामोठ्या पडद्याच्या मधोमध, टिचभर चौकोनात. बाबा कुरकुरले, तेव्हा पठ्ठ्याने तेच चित्र ओढूनताणून पडदाभर केलं आणि हात झटकले. आकडे फुटले, रेघा फिसकटल्या. बाबांनी दहादा सांगितलं. दरवेळी उत्तर एकच: “वय झालं, बाबा.” चष्मा बदलून झाला, पुन्हा बदलून झाला. शेवटी बाबांनाही ते पटायला लागलं. संताप येतो तो याचाच.

सून ऑफिसातून आली, ती खांद्यावरची पर्सही न काढता म्हणाली, “बाबा, जरा उठता?” आणि त्यांच्या खुर्चीत बसली. चित्र ताणल्यापासून तिथे दुसरं कुणी बसलंच नव्हतं.

“मलाही पुसटच दिसतंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “माझंही वय झालं का रे?”

“अगं, जुनं आहे ते. त्याला तेवढंच जमतं.”

“कुणी सांगितलं तुला?”

त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तिने इंटरनेटवर शोधलं. ते मशीन बंद केलं, बाहेरच्या नव्या संगणकावरून आज्ञेची एक ओळ लिहून पडद्याची खरी रुंदी-उंची त्याला कळवली, पुन्हा चालू केलं आणि आतल्या सेटिंगमध्ये ते नवं माप निवडलं. चहाला उकळी फुटायला याहून जास्त वेळ लागतो.

नकाशा उघडला. रेघ न् रेघ वेगळी. बाबा वाकले, जिना शोधला. तिथे इंग्रजी आठ होता, स्वच्छ, दोन्ही गोल मिटलेला. सहा समजून त्यांनी तो पुनःपुन्हा तपासला होता.

“झालं ना आता नीट?” मुलगा म्हणाला. “मग चिडायचं कशाला?”

“मी आंधळा झालोय असं तू मला पटवलंस,” बाबा म्हणाले. “एकदा, फक्त एकदा इथे बसून बघायचं होतंस.”

मुलगा काहीतरी पुटपुटला. बाबांनी ऐकून घेतलं नाही. आठाचा सहा केला आणि ठेकेदाराला फोन लावला.

“चूक माझीच. दुरुस्त नकाशा आत्ता पाठवतो, काम दुसरीकडे देऊ नका. काय म्हणालात, डोळे?” त्यांनी मुलाकडे वळून पाहिलं. “डोळे ठणठणीत आहेत हो. आमच्या चिरंजीवांचे कान तेवढे दाखवून आणायचेत.”