जाळीवरची पाटी

भरला ट्रक चढ एका दमात चढला तर गॅरेजची किल्ली थोरल्या लेकीची, नाही चढला तर धाकट्या दोघा भावांची, अशी अप्पांची अट होती. म्हणजे भावांना हात न हलवता गॅरेज मिळायची सोय. इंजिनात जादा हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसवून अप्पांनी मिरवून घेतलं होतं. पण दाबलेली हवा तापायची आणि ट्रक अर्ध्या चढावर धापा टाकत उभा राहायचा. ती हवा गार करायला लेकीने पुढच्या जाळीमागे इंटरकूलर बसवला.

अप्पा माथ्यावर उभे राहून बघत होते. ट्रक कुठेही न थांबता वर आला, आणि कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. जाळीवरची गॅरेजच्या नावाची पाटी कापलेली होती.

"माझं नाव कापलंस, कार्टे?"

"तुमच्या नावाला धक्काही लावला नाही, अप्पा. नीट वाचा."

अप्पांचं नाव शाबूत होतं. पुढचं 'आणि मुलगे' तेवढं गेलं होतं, आणि तिथूनच वारा इंटरकूलरवर जात होता.

"वाऱ्याच्या आड तेवढंच येत होतं," किल्लीसाठी हात पुढे करत ती म्हणाली. "माझ्या भावांनी या कामाला दिलं ते एवढंच."