दुसरा मांडव

स्टेशनच्या लोखंडी शेडवर कबुतर बसलं, तरी अभियंता करमरकरांच्या काळजात धस्स होई.

गोऱ्या साहेबाच्या काळातली ती शेड गंजून मोडीत निघायच्या बेताला आली होती. करमरकरांनी एकेक खांब खरवडून घेतला, नवे रिव्हेट जुन्या पद्धतीने तापवून ठोकले, वर हिरवा रंग चढवला. मग त्या रंगाला कुणाचा हात लागू नये, म्हणून भोवती दोरी बांधली. तेव्हापासून प्रवासी उन्हात उभे राहून शेडचं सौंदर्य न्याहाळत होते. वारसा जपायचा म्हणजे कुणीतरी पोळायला हवंच!

उद्घाटनाच्या पाहुण्यांना मात्र पोळवून कसं चालेल? त्यांच्यासाठी शेडशेजारीच कापडी मांडव घातला. भाषणं रंगात आली, तोच वावटळ उठली नि मांडव भुईसपाट झाला. पाहुणे, सनईवाले, प्रवासी, सगळे दोरी ओलांडून शेडखाली शिरले.

कौतुकाने आलेल्या करमरकरांच्या आईनेही एका खांबाला पाठ टेकली. "दिगू, काय छान सावली धरलीय रे तुझ्या शेडने! जीव गार झाला."

करमरकर मोबाइलवर किंचाळत होते, "अहो, दुसरा मांडव पाठवा! माणसं शेडखाली शिरलीत!"