एकेचाळीस मिनिटांचा निरोप

"हॅलो, जीवन तायडे बोलताय का?" मृणालीने तिसऱ्यांदा फोन लावून विचारलं. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता, कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. उत्तर मात्र आलं नाही. मग फोन कट झाला.

साडेतीन वाजले होते. चारपर्यंत जीवन तायडेने फोनवर 'हो' म्हटलं नाही, तर रावेरला जाणारे त्याचे आठशे खोके दुसऱ्या पार्टीला द्यायचे होते. उद्या सकाळी तिकडे केळीची बाग कापायची होती. घड एकदा कापले की ते खोक्यांची वाट बघत बसत नाहीत.

नियम नवा होता, सोमवारपासूनचा. जळगावच्या एमआयडीसीतला हा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. संध्याकाळी सहानंतर इथला फोन मशीन घ्यायचं आणि त्यात मृणालीचा आवाज सांगायचा, "नाव, गाव, खोक्यांची संख्या आणि दिवस, थोडक्यात सांगा." सकाळी येऊन ती निरोप ऐकायची आणि गाड्या लावायची. पण मागच्या महिन्यात एका गोंधळलेल्या निरोपावरून दोन हजार खोके भलत्याच गावाला जाऊन पडले. मालक भूपेंद्रभाऊंनी फर्मान काढलं, "नुसत्या निरोपावर गाडी भरायची नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं."

आता खानदेशातल्या माणसाला थोडक्यात बोल म्हणणं म्हणजे कठीणच. शिरपूरकडच्या मंजुळाबाई मशीनलाच अहिराणीत खुशाली विचारायच्या, "बठ्ठं बरं शे ना माय? जेवनी का?" आणि उत्तराची वाट बघत राहायच्या. वरणगावचे एक नाना दोन मिनिटं नुसतं हॅलो हॅलो करायचे आणि शेवटी चिडून फोन आपटायचे. खोके किती हवेत, हे राहूनच जायचं.

जीवन तायडेचं तसं नव्हतं. त्याचा निरोप मोजून वीस सेकंदांचा. "नमस्कार ताई. मी जीवन तायडे, रावेर. गुरुवारी सकाळी आठशे खोके पाहिजेत. धन्यवाद." कुठे अडणं नाही, खाकरणं नाही. भूपेंद्रभाऊ तो निरोप नव्या पोरांना ऐकवायचे. "बोलावं तर असं!" म्हणायचे. मृणालीचाही तो लाडका होता. सकाळी आल्या आल्या ती आधी त्याचाच निरोप ऐकायची. म्हणून तर आज तिला इतकं लागलं होतं. मशीनशी एवढं गोड बोलणारा माणूस तिच्याशी एक शब्द बोलायला तयार नव्हता.

"भाव खातोय, दुसरं काय!" ती पुटपुटली.

शेजारच्या टेबलावर किरण बसला होता. सहा महिन्यांतून एकदा तो मशीनची तपासणी करायला यायचा. स्क्रीनवरची यादी बघता बघता तो थांबला.

"ताई, हा तायडे कोण हो? निरोप वीस सेकंदांचा आणि फोन चाललाय एकेचाळीस मिनिटं."

"मशीन बिघडलं असेल."

"मशीन ठणठणीत आहे. बोलणं पसंत पडलं नाही तर दोन दाबायचं, आधीचं पुसलं जातं, पुन्हा बोलता येतं. तुम्हीच तर रेकॉर्ड केलंय हे. याने काल पासष्ट वेळा दोन दाबलंय." किरणने यादी खाली सरकवली. "त्याच्या आधी अठ्ठावन्न वेळा. दर वेळी असंच आहे."

मृणालीला ट्रॅक्टरच्या आवाजातला तो श्वास आठवला. तो गप्प नव्हताच. तो बोलत होता, शब्द बाहेर येत नव्हता. आणि आपण मात्र हॅलो हॅलो करून त्याच्या मागे लागलो होतो. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने चौथ्यांदा फोन लावला.

"जीवनभाऊ, मी जळगावहून मृणाली. फोन ठेवू नका. मला कसलीच घाई नाही. तुम्ही बोला, मी ऐकतेय."

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला. "न... न..." एवढंच आलं आणि थांबलं. पुन्हा आलं, पुन्हा थांबलं. त्याचा शब्द आपणच पुरा करावा असं मृणालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने तो मोह आवरला. घड्याळात चार वाजले. भूपेंद्रभाऊ दारात येऊन मनगटावर बोट ठेवून विचारू लागले. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तिने मालकाला हात दाखवून थांबवलं. भाऊ तिचा चेहरा बघून गुपचूप खुर्चीवर टेकले.

नमस्कार आला. नाव आलं, आणि नावालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. मग गाव, मग आठशे, मग गुरुवार. शेवटी एकदाचा तो म्हणाला, "ह... हो. पाठवा."

भूपेंद्रभाऊ उठले आणि गाडी भरायला सांगायला स्वतः गेले. मृणालीचे डोळे भरून आले होते.

"जीवनभाऊ, पुढच्या वेळी एवढा त्रास घेऊ नका," ती म्हणाली. "नुसतं लिहून पाठवा. मी भाऊंना सांगते, चालवून घेतील."

आपण त्याला दुखावलं की काय, असं तिला वाटलं. आणि मग तिला ऐकू आलं, तो हसत होता.

"न... नको ताई. आज प... पहिल्यांदा न पु... पुसता बोललो."