सातवी जागा

“आता राहिली सातवी जागा,” कमळू पाटील म्हणाले, तशी मारुतीच्या देवळात बसलेली माणसं सावरून बसली. ग्रामपंचायतीच्या सहा जागांची नावं वाचून झाली होती. प्रत्येक नावाला सगळ्यांनी एका सुरात ‘मंजूर’ म्हटलं होतं. सातवी जागा बाईची होती, आणि यंदा सरपंचपदही बाईलाच होतं, म्हणजे या जागेवर येईल तीच सरपंच. त्या जागेवर मात्र दोन अर्ज आले होते. एक पाटलांच्या सुनेचा, नम्रताचा. दुसरा सकुबाईचा.

सकुबाईचा नवरा गणू खांबाला टेकून बसला होता. बायका बाहेर, पायरीखाली उभ्या होत्या. त्यांत सकुबाई कुठं आहे ते त्यानं आल्याआल्याच पाहून घेतलं होतं. नंतर तिकडं मान वळवली नव्हती.

“पंच्याऐंशी सालापासून या गावात मतपेटी आली नाय,” पाटील म्हणाले. “शेणव्यापासून धसईपर्यंत लोक नाव घेतात, एकीचं गाव म्हणून. दोन अर्ज राहिले तर मतदान होईल, घराघरात तोंडं फिरतील. उद्या अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस. काय करायचं ते बोला.”

रेशनचं दुकान महिन्यातून दोनच दिवस उघडायचं, तेव्हा सकुबाई अकरा बायकांना घेऊन शहापूरच्या कचेरीच्या दारात बसली होती. दुकान रोज उघडायला लागलं ते तेव्हापासून. त्या अकराजणींचे नवरे, दीर, सासरे सगळे इथंच होते. गणूनं एकेकाकडं पाहिलं. रघू फरशीकडं बघत होता. बुधू काडीनं कान कोरत होता.

“गणू,” पाटील मऊ आवाजात म्हणाले, “तुझ्या पोरीचं लगीन वैशाखात ना रे? मांडव घालायला, पंगत वाढायला सगळा गाव लागंल. का नाय लागणार?”

“लागंल, दादा.”

“मग तूच सांग. आमच्या नम्रताचं नाव घेतो. मंजूर?”

सकाळीच चुलीपुढं बसून तो सकुबाईला म्हणाला होता, तू मागं हटू नको, मी हाय. आता सगळं देऊळ त्याच्या तोंडाकडं बघत होतं. एवढी माणसं एकाच वेळी त्याच्याकडं कधी बघत नसत.

“मंजूर,” तो म्हणाला. वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला.

“मंजूर!” सगळे ओरडले. कोणीतरी उठून घंटा बडवली.

दुसऱ्या दिवशी गणू आणि सकुबाई जीपनं शहापूरला गेली. अर्ज मागं घ्यायला उमेदवाराचीच सही लागते, म्हणून तिला नेणं भाग होतं. साहेबानं कागदावरून नजर वर केली. “बाई, स्वखुशीनं घेताय ना मागं?”

सकुबाईनं गणूकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. उत्तर त्यानंच द्यायचं होतं आणि ती थांबून राहिली होती. गणूनं खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं. तिनं एकेक अक्षर नीट काढत सही केली, पेन टेबलावर ठेवलं. परतताना जीपमध्ये ती मागं, परक्या बायकांच्या दाटीत जाऊन बसली.

संध्याकाळी गावात गुलाल उधळला. पाटलांनी गणूला ओढून घेतलं आणि त्याच्या कपाळभर गुलाल फासला. “गणू, गावाची लाज राखलीस रे!” भोवतीची माणसं हसली. गणूही हसला. मग तो ओढ्यावर गेला आणि कातडी चुरचुरेपर्यंत तोंड धूत राहिला.

घरी आला तर ओटीवर नम्रता बसलेली. बावीस वर्षांची पोर, या गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. गळ्यातला झेंडूचा हार काढायचंही तिला सुचलं नव्हतं. सकुबाई तिला हळू आवाजात सांगत होती, ग्रामसभेची नोटीस कशी काढायला लावायची, वाचल्याशिवाय कुठंच सही करायची नाय. पोर नुसती मान हलवत होती.

गणूला पाहताच ती उठली आणि पाया पडायला वाकली. त्यानं पाय मागं घेतले.

“काका,” ती म्हणाली, “घरात मला कोणी विचारलंच नाय. काल पायरीखालून मी तुमच्याकडंच बघत होते. वाटलं, तुमी तरी नाय म्हणाल.”