अभिप्राय : चित्र आणि आवाज

काळुरामने वहीत लाल शाईने दोन रकाने आखले होते. एकावर 'चित्र', दुसऱ्यावर 'आवाज'. सीडी प्लेअर घरात येऊन बारा दिवस झाले होते, आणि या बारा दिवसांत मानपाड्याच्या त्या इमारतीतला एकही माणूस अभिप्राय लिहिल्याशिवाय त्याच्या दारातून सुटला नव्हता. दूधवाल्यालासुद्धा त्याने पाच मिनिटं सोफ्यावर बसवून घेतलं होतं.

आज रविवार. सकाळीच ठाण्याच्या व्हिडिओवाल्याकडून त्याच्या लग्नाची सीडी आली होती. घरातली कॅसेट घासून पांढरी पडली होती, म्हणून त्या माणसाने कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट शोधून तिच्यावरून ही करून दिली होती. काळुरामने ती अजून पाहिली नव्हती. चार लोकांत उद्घाटन करायचं म्हणून राखून ठेवली होती.

चार लोक जमलेच. वरच्या मजल्यावरचे अण्णा, शेजारची शकू आणि तिचा नवरा. कोपर गावाहून काळुरामची आई मनुबाई आली होती, सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. सोफ्यावर जागा असूनही ती भिंतीला टेकून खाली बसली.

पडद्यावर हळदीचा मांडव उजळला. "चित्र अगदी आरशासारखं," अण्णा म्हणाले. निवृत्त माणूस, बोलणं तोलून मापून. "आवाजाचं ऐकल्याशिवाय सांगणार नाही."

"ऐका ना! चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवलेत, उगाच नाय," काळुराम म्हणाला. रिमोट त्याच्या हातात होता, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच.

आता सिनेमाचं गाणं लागणार, हे त्याला पाठ होतं. जुन्या कॅसेटमध्ये हळदीला तेच होतं. पण चारी कोपऱ्यांतून एका बाईचा आवाज उठला. उंच, कोरडा, एकटा. पडद्यावर मनुबाई डोळे मिटून धवला म्हणत होती. लग्नातली ही गाणी म्हणावीत तर मनुबाईनेच, असं कोपरमध्ये कुणीही सांगितलं असतं.

भिंतीशी बसलेली मनुबाई पुढे सरकली. "अगं बाय," ती सुनेला म्हणाली, "सरोज, यो माजा आवाज!"

"तुमचाच, आई," सरोज म्हणाली. तिलाही नवल वाटलं होतं. सात वर्षांपूर्वी काळुरामनेच दोघींना सांगितलं होतं, की आयेचा आवाज मशीनने पकडलाच नाही, म्हणून तिथे गाणं टाकावं लागलं. मनुबाईने ते खरं मानलं होतं. तेव्हापासून कुठल्याही लग्नात कॅमेरा दिसला की ती मागे जाऊन बसायची. आपला आवाज मशीनीत बसत नाही, असं स्वतःच सांगायची, आणि दुसरीला पुढे करायची.

"वा!" अण्णांनी वही उघडली. "समोर बसून गातायत जणू." त्यांनी 'आवाज'च्या रकान्यावर पेन टेकवलं.

आता पुढे काय येणार, ते काळुरामला आठवलं. तो रिमोटची बटणं दाबू लागला. प्लॅस्टिकवरून बोट घसरत होतं.

"ओ, कॅमेरावाले," चारी कोपऱ्यांतून काळुरामचाच आवाज म्हणाला, अगदी कानाशी बोलल्यासारखा. "ह्या म्हातारीचं गावठी रडगाणं काढून टाका हां. ऑफिसचे लोक बघणार. वरून मस्त पिक्चरचं गाणं टाका."

बटण लागलं, पण भलतंच. चित्र जागच्या जागी थांबलं. पडद्यावर मनुबाई, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

शकूने पदराच्या काठाशी चाळा सुरू केला. अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि वही हळूच टीपॉयवर ठेवली. सरोज नवऱ्याकडे बघत होती आणि काळुराम जमिनीवरच्या फरशीकडे. आत्ता ही फरशी दुभंगली तर बरं, असं त्याला वाटलं. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. ज्या लोकांसाठी त्याने ते गाणं काढायला लावलं होतं, त्यातला एकही जण पुढे कधी ती कॅसेट बघायला आला नव्हता.

"काळू," मनुबाई म्हणाली. "ती वही आन."

"आये, ऱ्हाऊ दे ना."

"सगल्यांनी लिवलं. माजा पन लिव. मना लिवता येत नाय, तू लिव."

त्याने वही घेतली आणि तिच्याजवळ खाली बसला. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस नव्हतं. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "चित्र?"

"चित्र बरा हाय."

त्याने लिहिलं. पेन लाल रेघेवरून पलीकडे गेलं आणि थांबलं. पुढचं मनुबाईनेच सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. माप मोजून द्यावं तसं.

"लिव. मनुबाईचा आवाज मशीनीत बराबर बसला. तिच्या पोराचा पन बसला."

काळुरामने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. तो वही मिटणार, तोच तिने पानावर हात ठेवला.

"आता वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. सगल्यांना ऐकू दे."

काळुरामने वही डोळ्यांसमोर धरली. आवाज काही फुटेना.