शेजारचं ताट

हिल्डाबाईंनी संत्र्याची साल किसून पिठात मिसळली आणि केकचं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. दर नाताळला मुलासाठी, इनाससाठी, त्या हाच केक करत. ऑक्टोबरात मासेमारीला गेलेली त्याची बोट परतली नव्हती. पण तिची फळीसुद्धा सापडली नव्हती, म्हणून हिल्डाबाई घरात कुणाला रडू देत नव्हत्या.

केकचा वास सुटला, तेवढ्यात शेजारच्या मार्थाबाई झाकलेलं ताट घेऊन दारात आल्या. ताटात करंज्या होत्या. ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे वर्षभर गोड करत नाहीत. सणाला शेजारी आणून देतात. ते ताट घेतलं की दुखवटा मान्य केला.

हिल्डाबाईंनी हात पुढे केलेच नाहीत. "हे आमच्याकडे कशाला, मार्था? माझा केक आत फुगतोय. वास येत नाही का तुला?"

मार्थाबाईंनी अवघडून हिल्डाबाईंच्या सुनेकडे पाहिलं. "सेलिननंच सांगितलं गं, ताट आणा म्हणून."

"हो, मीच." सेलिननं ओव्हनचं बटण बंद केलं. "फादरनाही सांगून आलेय. रविवारी चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा आहे."

"अगं, तो येईल!"

"मग तुम्ही बसा वाट बघत. मला अख्खं आयुष्य काढायचंय अजून."

"निदान ते ताट तरी परत पाठव. पाया पडते तुझ्या."

सेलिननं ताटावरचा रुमाल बाजूला केला, एक करंजी उचलली आणि सासूकडे बघत सावकाश संपवली.

"छान झाल्यात, मावशी," ती म्हणाली.